जुन्या जिप्सीचे शॉकअप बदलताय? आधी पाटे बघा, मग पैसे काढा

जुनी मारुती जिप्सी घेतली की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "गाडी लय आपटते, शॉकअप बदलून टाक." दुसरा, "टाकायचेच तर हेवी ड्युटी टाक." दोन्ही सल्ले ऐकून लोक चार नवे शॉकअप बसवतात. आणि गाडी? ती आधीपेक्षा जास्त आपटायला लागते.

असं का होतं आणि योग्य शॉकअप कसा निवडायचा, हे समजून घेऊ.

शॉकअप नेमकं काय करतो?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते काम स्प्रिंगचं. १९८५ मध्ये भारतात आलेल्या जिप्सीत पुढे आणि मागे दोन्हीकडे पाटे आहेत. खड्ड्याचा धक्का आधी पाटे घेतात. पण दबलेला पाटा लगेच उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही उसळी थांबवायचं काम शॉकअपचं.

शॉकअपच्या आत तेल असतं आणि पिस्टनला बारीक व्हॉल्व्ह असतात. पिस्टन हलला की तेल त्या व्हॉल्व्हमधून रेटलं जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत बदलते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो.

आता हिशेब सोपा आहे. रिकामी जिप्सी आपटते ती मुख्यतः कडक पाट्यांमुळे, कारण ते माणसं आणि सामान वाहण्यासाठी बनवलेत. त्यावर आणखी कडक शॉकअप लावला तर आराम कुठून येणार?

मग शॉकअप गेलाय हे कसं ओळखायचं?

गाडीचा कोपरा दाबून सोडा, जास्त हलली तर शॉकअप गेला, ही चाचणी सगळ्यांना माहीत आहे. पण पाट्यांच्या गाडीत ती फसवते. एक तर कडक पाटे हाताने फारसे दबत नाहीत. दुसरं म्हणजे पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेही उसळी थांबते. त्यामुळे पूर्ण मेलेला शॉकअपही 'पास' होऊ शकतो.

त्यापेक्षा हे बघा:

- शॉकअपवरून तेल ओघळलंय का? नुसता धुळकट ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही.
- टायरवर ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज आहे का?
- स्पीडब्रेकरनंतर गाडी एकापेक्षा जास्त वेळा डोलते का?
- खडबडीत वळणावर मागची बाजू सरकते का?
- शॉकअप काढून हाताने दाबला, ओढला तर मध्येच मोकळा जातो का?

शेवटचे तीन मुद्दे घाटात महत्त्वाचे ठरतात. शॉकअप मेला की चाक रस्त्यावरून उडत राहतं. उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना ते वळतं. म्हणजे हा प्रश्न फक्त कंबरदुखीचा नाही.

त्याच वेळी पाटेही तपासा. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची डावीकडे आणि उजवीकडे मोजा. मोठा फरक असेल, पाट्यांची कमान सपाट झाली असेल किंवा एखादा पाटा तुटला असेल, तर आधी ते दुरुस्त करा. बसलेल्या पाट्यांना नवा शॉकअप उचलून धरत नाही. शॅकलचे बुश गेले असतील तर तेही आताच बदला.

माप सगळ्यात महत्त्वाचं

"जिप्सीचा शॉकअप द्या" एवढं सांगून भागत नाही. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने पाटे वाढवलेले असतात, शॅकल लांब केलेले असतात. त्यामुळे दोन मापं स्वतः घ्या, वरच्या आणि खालच्या माउंटिंगमधलं अंतर:

१. अ‍ॅक्सल बंप स्टॉपच्या रबराला टेकलेला असताना.
२. चासी जॅकवर उचलून, जुना शॉकअप सोडवून, अ‍ॅक्सल पूर्ण खाली लटकलेला असताना.

समजा पहिलं माप ३३० मिमी आणि दुसरं ४९० मिमी आलं. तर नव्या शॉकअपची बंद लांबी ३३० पेक्षा कमी हवी. रबरही दबतं, म्हणून १५-२० मिमी मोकळीक धरा. उघडी लांबी ४९० पेक्षा थोडी जास्त हवी. बंद लांबी जास्त असेल तर खड्ड्यात सगळा मार शॉकअप आणि त्याच्या माउंटिंगवर बसतो. उघडी लांबी कमी असेल तर चाक लटकताना अ‍ॅक्सलचा भार शॉकअपवर येतो. चासी उचलताना खाली स्टँड लावायला विसरू नका.

ट्विन ट्यूब की मोनोट्यूब?

ट्विन ट्यूबमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. ती स्वस्त असते, बाहेरून दगड लागून थोडी चेपली तरी बहुतेक वेळा काम करत राहते. पण सलग खराब रस्त्यावर तेल तापून त्यात फेस होतो आणि पकड कमी होते. कमी दाबाचा नायट्रोजन असलेल्या 'गॅस' प्रकारात हा फेस कमी होतो.

मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते आणि जास्त दाबाचा नायट्रोजन तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. ती लवकर थंड होते. पण नळीला खोल पोचा पडला की पिस्टन अडकतो. किंमतही जास्त.

रोज शहरात आणि सुट्टीला घाटात जाणारी गाडी असेल तर कंपनीच्या मापाचा ट्विन ट्यूब गॅस शॉकअप पुरे. तासन् तास कच्च्या रस्त्यावर, भरलेली गाडी पळणार असेल तर मोनोट्यूबचा खर्च वसूल होतो.

'हेवी ड्युटी' फक्त वजन कायम जास्त असेल तरच. फार कडक शॉकअप दबलेल्या पाट्याला वेळेत उघडू देत नाही. तेवढ्यात पुढचा खड्डा येतो आणि गाडी खाली बसत जाते.

घेताना, बसवताना

- एका अ‍ॅक्सलचे दोन्ही शॉकअप एकदम बदला.
- डब्यावर पार्ट नंबर, उत्पादनाचा महिना आणि किंमत बघा. पक्कं बिल घ्या.
- जुन्या बाजारातला रंगवलेला शॉकअप घेऊ नका. आतले व्हॉल्व्ह बाहेरून दिसत नाहीत.
- ट्विन ट्यूब आडवी पडून असते. बसवण्याआधी उभी धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि उघडा, म्हणजे आतली हवा निघते.
- स्टीलची नळी असलेल्या रबर बुशचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.
- गॅसच्या शॉकअपला वेल्डिंग किंवा ड्रिल कधीच नको. तो फुटू शकतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि तेव्हा गाडी आरटीओत तपासली जाते. मूळ प्रकारचा शॉकअप बदलणं ही साधी दुरुस्ती आहे. गाडीची मूळ रचनाच बदलणं मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अडचणीत आणू शकतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी पाटे आणि बुश, मग माप, मग वापर आणि सगळ्यात शेवटी ब्रँड. दुकानात बहुतेक जण याच्या उलट सुरुवात करतात.