कुलाब्याचे अफगाण चर्च : नावे असलेले आणि नसलेले

मुंबईच्या दक्षिण टोकास, कुलाब्यात, संत योहान शुभवर्तमानकार ह्यांना वाहिलेले एक चर्च आहे. लोक त्याला ‘अफगाण चर्च’ म्हणूनच ओळखतात. ते मूळचे अँग्लिकन. १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. तरीही कॅथॉलिक भाविकांनी ते एकदा निरखून पाहावे, असे आम्हांस वाटते.

१८३८ मध्ये भराव घालून कुलाबा मुंबईस जोडले गेले. त्याच वर्षी पहिल्या अफगाण युद्धास तोंड फुटले. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेताना सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे ह्यांचा बर्फात व हल्ल्यांत जवळजवळ संहार झाला. त्यांतील बहुतेक जण हिंदीच होते.

ह्या युद्धातील व सिंधच्या मोहिमेतील मृतांचे स्मारक म्हणून १८४७ मध्ये चर्चची कोनशिला बसली. १८५८ मध्ये बिशप हार्डिंग ह्यांनी त्याचे पवित्रीकरण केले. १९८ फुटी मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला. बंदरात येणाऱ्या जहाजांस तो दुरून दिसावा, ही अपेक्षा होती. आराखडा हेन्री कॉनिबेअर ह्यांचा. मुंबईला विहार तलावाचे पाणी देणारी योजनाही त्यांचीच.

आत टोकदार गॉथिक कमानी आहेत, विल्यम वेल्स ह्यांच्या रंगीत काचांची तावदाने आहेत आणि नजर ओढून घेणारा खोल वेदीमंडप आहे. त्या काळी इंग्लंडमधील अँग्लिकन मंडळी मध्ययुगीन ख्रिस्तसभेच्या उपासनेकडे व कलेकडे पुन्हा वळत होती. म्हणूनच ही वेदी आपणांस परकी वाटत नाही.

आम्हांस मात्र थांबवले ते स्मृतिलेखाने. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या शिपायांविषयी, ते इतके होते की सर्वांची नावे कोरता आली नाहीत, अशा अर्थाची ओळ आहे. ओझी वाहणारे, उंटवाले, स्वयंपाकी ह्यांना तर तीही ओळ लाभली नाही.

दगडाला जागेची मर्यादा असते, हे आम्ही जाणतो. परंतु कोणाला जागा द्यायची, हे माणसेच ठरवतात. आपल्याही चर्चमधील पाट्यांवर देणगीदारांची नावे असतात. विटा वाहणाऱ्यांची नसतात. पवित्र मिस्सामध्ये आपण सर्व मृतांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा ज्यांचा विश्वास केवळ देवाला ठाऊक आहे, त्यांचेही स्मरण करतो. येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपल्या आप्तांच्या नावांबरोबर त्या निनावी माणसांसाठीही एक मेणबत्ती लावू या.