एसी नव्हता तेव्हा गाडीत लोक गार कसे राहत?

एप्रिल-मे महिन्यांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "डॉक्टर, पूर्वी लोक बिनएसीच्या गाडीतून भर उन्हात शे-दोनशे मैल जायचेच ना? मग आम्हालाच का सोसत नाही?" प्रश्न विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात आणि त्यांचा रोख घरातल्या तरुण मंडळींवर असतो.

याचे उत्तर जुन्या मोटारींच्या इतिहासात आहे. पूर्वीच्या प्रवाशांनाही ऊन लागायचे, पण त्यांच्याकडे गार राहण्याच्या काही युक्त्या होत्या. त्यातल्या बऱ्याच युक्त्या शास्त्राच्या कसोटीला उतरतात. काही मात्र फक्त कोरड्या हवेतच चालतात आणि दमट हवेत फसतात. ज्यांना आजही रिक्षा, टेम्पो, एसटी किंवा एसी बिघडलेल्या गाडीतून प्रवास करावा लागतो, त्यांनी हा फरक समजून घेतला पाहिजे.

आधी शरीराचे गणित

तुम्ही नुसते बसून असलात तरी तुमचे शरीर तासाला साधारण 80 ते 100 किलोकॅलरी उष्णता तयार करते. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर शरीराचे तापमान चढत जाते. बाहेरची हवा त्वचेपेक्षा गार असेल, तर वाऱ्याबरोबर उष्णता निघून जाते. त्वचेचे तापमान उन्हाळ्यात साधारण 35 अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली की वारा उष्णता नेण्याऐवजी आणून देतो. मग शरीराकडे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम.

घाम नुसता येऊन भागत नाही, तो त्वचेवर वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबाने गळून शर्ट भिजवत राहिला, तर पाणी जाते पण गारवा फारसा मिळत नाही. माठातले पाणी गार होते तेही याच तत्त्वावर. एवढे लक्षात ठेवून आता गाडीत बसू.

उघड्या गाड्यांचा काळ

कार्ल बेंझने 1886 मध्ये पेटंट घेतलेल्या मोटारीला ना टप होता ना काचा. पुढची तीसएक वर्षे बहुतेक मोटारी उघड्या किंवा कापडी टपाच्याच होत्या. गाडी चालू असेपर्यंत वारा भरपूर लागे. त्रास होई तो डोक्यावरच्या उन्हाचा, रस्त्यावरच्या धुळीचा आणि पायांखालून येणाऱ्या इंजिनाच्या धगीचा.

त्या काळातले मोटारप्रवाशांचे फोटो पाहा. पुरुषांच्या अंगात पायघोळ, फिक्या रंगाचा, सैल डगला दिसतो. बायकांच्या टोपीवरून गळ्यापर्यंत जाळीदार कापड बांधलेले असते आणि डोळ्यांवर मोठा चष्मा असतो. उन्हाळ्यात एवढे कपडे कशाला, असे आपल्याला वाटते. मुख्य कारण धूळ हेच होते, पण उन्हातही त्याचा फायदा होता. सैल, फिक्या कापडामुळे थेट ऊन त्वचेपर्यंत पोहोचत नाही आणि आतून हवा खेळती राहून घाम वाळतो. आपल्याकडचा शेतकरी उन्हात डोक्याला मुंडासे बांधतो आणि अंग झाकून काम करतो, त्यामागे हेच शहाणपण आहे.

बंद गाडी आली आणि खिडकीची त्रिकोणी काचही

अमेरिकेत 1919 च्या सुमारास दहांतल्या साधारण नऊ गाड्या उघड्या असत. 1920 चे दशक संपेपर्यंत हे प्रमाण जवळजवळ उलटे झाले. पाऊस, थंडी आणि धूळ यांपासून सुटका झाली, पण उन्हाळ्यात गाडीची भट्टी होऊ लागली. काचेतून ऊन आत येते, सीट आणि डॅशबोर्ड तापतात आणि त्यांची उष्णता बाहेर पडू शकत नाही.

मग उपायांची चढाओढ सुरू झाली. फोर्डच्या मॉडेल ए गाडीची (1927 ते 1931) पुढची काच खालून बाहेर ढकलून उघडता येई. काही गाड्यांत पुढच्या काचेच्या अलीकडे एक झडप असे. ती उघडली की वारा थेट पायांवर येई. पुढच्या काचेवर बाहेरून टोपीच्या झापेसारखे छप्पर बसवत. तापलेल्या सीटवर विणलेल्या गवताची किंवा वेताची आवरणे घालत, म्हणजे पाठ आणि सीट यांच्यामध्ये हवा राही. टॅक्सीचालक सीटवर लाकडी मण्यांची चटई टाकतात, तिचे काम नेमके हेच आहे. रेक्झिनला चिकटलेल्या पाठीवरचा घाम वाळू शकत नाही, मण्यांमधून तो वाळतो.

या सगळ्यांत टिकाऊ ठरली ती खिडकीची त्रिकोणी काच. जनरल मोटर्सने 1933 च्या गाड्यांत ती आणली आणि हळूहळू जगभर पसरवली. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ती आपल्या अँबॅसिडरमुळे आणि प्रीमियर पद्मिनीमुळे आठवत असेल. ही काच थोडी तिरकी उघडली की बाहेरून वेगाने जाणारा वारा तिच्या मागच्या कडेपाशी हवेचा दाब कमी करतो आणि आतली कोंदट हवा बाहेर ओढली जाते. पूर्ण फिरवली की तीच काच सुपासारखी वारा गोळा करून छातीवर सोडते. ना बॅटरी, ना गॅस. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निरोप घेऊन गेली, तोवर कित्येक चालकांचे उन्हाळे या हातभर काचेवर निघाले.

तिची मर्यादाही समजून घ्या. गाडी सिग्नलला थांबली की वारा थांबतो. आणि बाहेरची हवाच 42-43 अंशांची असेल, तर ती काच गरम झोत अंगावर आणते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की हवेचे तापमान 40 अंशांच्या वर असेल तेव्हा पंख्याचा वारा अंगावर घेऊ नये, त्याने शरीर आणखी तापते.

खिडकीला टांगलेला कूलर

40 अंशांच्या पुढच्या उन्हात काय करायचे, हा प्रश्न अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या लोकांपुढे रोजचा होता. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाचे वाळवंट ओलांडताना गाडीतले तापमान असह्य होई. तिथे 1930 च्या दशकापासून 'कार कूलर' लोकप्रिय झाले. पत्र्याचा नळकांड्यासारखा डबा खिडकीच्या काचेत अडकवायचा आणि त्यात चार-एक लिटर पाणी भरायचे. आत लाकडाच्या बारीक भुश्याची गादी असे. दोरी ओढली की गादी पाण्यात भिजे. गाडीच्या वेगाने डब्याच्या तोंडातून गरम हवा शिरे आणि ओल्या गादीतून गार होऊन आत येई.

विदर्भात आणि मराठवाड्यात राहणाऱ्यांना हे यंत्र वेगळे समजावून सांगायला नको. तुमच्या घरच्या कूलरचे आणि त्याआधीच्या वाळ्याच्या ताट्यांचे तत्त्व तेच. गाडीच्या पुढे जाड कापडाची पाण्याची पिशवी टांगण्याची पद्धत अमेरिकेच्या वाळवंटातही होती आणि आपल्या ट्रक-जीपवरही होती. हिंदीत तिला छागल म्हणतात. पाणी झिरपते, वाऱ्यावर वाळते आणि आतले उरलेले पाणी गार होते.

आता महत्त्वाचा मुद्दा. हा उपाय हवेच्या कोरडेपणावर चालतो. तापमान 42 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर पाणी वाळवून हवा जास्तीत जास्त सुमारे 22 अंशांपर्यंत गार होऊ शकते. प्रत्यक्षात एवढे साधत नाही, पण निम्मे साधले तरी जीव वाचतो. मुंबईत किंवा कोकणात तापमान 34 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर तीच मर्यादा 29 अंशांच्या आसपास येते. कूलरने गारवा थोडाच मिळतो, उलट आतला दमटपणा वाढतो.

तुमचे शरीरही असाच एक कूलर आहे. म्हणूनच नागपूरची 42 अंशांची हवा सहन करणारा माणूस मुंबईच्या 34 अंशांत कासावीस होतो. तो नाजूक झालेला नसतो, त्याचा घाम वाळत नसतो.

कोरड्या वाऱ्याची फसवणूक

मग कोरडी हवा सुरक्षित का? अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात प्रशिक्षण दिले. तेव्हा ई. एफ. ॲडॉल्फ या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातल्या सैनिकांचा बारकाईने अभ्यास केला. त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1947 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले निष्कर्ष आजही उपयोगी आहेत.

पहिला: तहान उशिरा आणि कमी लागते. पाणी हाताशी असूनही माणूस गमावलेल्या पाण्याइतके पाणी आपणहून पीत नाही. दुसरा: उन्हात उघड्या अंगापेक्षा झाकलेल्या अंगाचा घाम कमी जातो. तिसरा: पाणी पुरवून पुरवून प्यायल्याने शरीराची गरज कमी होत नाही. पाणी वाचवायचे तर सावलीत थांबून घाम वाचवावा.

खिडकी उघडी ठेवून जोरात गाडी चालवताना नेमके हेच घडते. घाम येतो तसा वाळतो, शर्ट कोरडाच राहतो आणि आपल्याला वाटते की घामच येत नाही. तीन-चार तासांनी डोके दुखते, मळमळते, पायात गोळे येतात, लघवी गडद पिवळी होते. असे रुग्ण "पित्त झालेय" म्हणून येतात. अनेकदा कारण पाणी आणि मीठ कमी पडणे हेच असते.

पहिला एसी आणि त्याचा पट्टा

1939 च्या अखेरीस पॅकार्ड कंपनीने 1940 च्या मॉडेलमध्ये कारखान्यातून बसवलेला एसी दिला. जादा किंमत होती 274 डॉलर. गार हवा तयार करणारा भाग डिकीत होता. गंमत म्हणजे कॉम्प्रेसर बंद करायची सोय आतून नव्हतीच. थंडी जास्त झाली तर गाडी थांबवून, इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. 1941 नंतर ही सोय बंद झाली. 1954 मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा पुढे, आटोपशीर आणि 345 डॉलरला दिली. त्यानंतर एसी हळूहळू सामान्य झाला आणि त्रिकोणी काच गेली.

एसी हवा गार करतो आणि त्यातले पाणीही काढून घेतो. म्हणून तो मुंबईतही चालतो आणि नागपुरातही. परवडत असेल तर वृद्धांसाठी, बाळांसाठी आणि हृदयरोग्यांसाठी ती चैन नाही.

तुमच्यासाठी यातून काय घ्यायचे?

- बिनएसीचा लांबचा प्रवास पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करा. दुपारी बारा ते चार सावलीत थांबा.
- सैल, फिक्या रंगाचे, अंग झाकणारे सुती कपडे घाला. सीटवर मण्यांची किंवा वेताची चटई टाका.
- कोरड्या हवेत मानेवर, हातांवर ओला पंचा ठेवून वारा घ्या. दमट हवेत ओल्या पंचापेक्षा सावली, वारा आणि वारंवार विश्रांती यांवर भर द्या.
- तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडे पाणी प्या. लांबच्या प्रवासात मधूनमधून ओआरएस किंवा मीठ घातलेले ताक घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारा.
- लघवी जास्त होण्याच्या, रक्तदाबाच्या आणि काही मानसिक आजारांच्या गोळ्यांमुळे उष्णता सहन होत नाही. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, प्रवासाआधी विचारून घ्या.
- उभ्या, बंद गाडीत मूल, वृद्ध किंवा प्राणी एक मिनिटही सोडू नका. अमेरिकेतल्या एका अभ्यासात बाहेर 22 ते 36 अंश असताना गाडीतले तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढले. त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवूनही फरक पडला नाही. इन्सुलिनही गाडीत ठेवू नका.

हे दिसले तर थांबा

प्रवासात कुणी असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडेच असेल असे नाही, घामही असू शकतो. 108 ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. रुग्णाला सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडातून पाणी देऊ नका. तापाची गोळी इथे उपयोगी नाही.

तेव्हा "पूर्वी लोक जायचेच ना" याचे उत्तर असे: जायचे, पण पहाटे निघून, अंग झाकून, पाणी बरोबर घेऊन आणि दुपारी झाडाखाली थांबून. तुमच्या गाडीचा एसी उद्या घाटात बंद पडला, तर हेच चार नियम कामाला येतील.