‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून सोडू नका; व्यक्तिमत्त्व विकार ओळखा

घरात कुणी सतत संशय घेतं, कुणी क्षणात जीव लावतं अन् क्षणात तोडून टाकतं. ‘स्वभावच तसा’ म्हणून घरचे सोडून देतात. पण हे वागणं तरुणपणापासून वर्षानुवर्षं तसंच असेल आणि त्यापायी नाती, कामधंदा बिघडत असेल, तर तो व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो. त्याचे १० प्रकार तीन गटांत मोडतात.

पहिला गट : संशयी, एकलकोंडे, विचित्र समजुतींचे. भावकीतलं कुणी साधं बोललं तरी त्यात डाव दिसतो.

दुसरा गट : भावनांचा भडका, लक्ष वेधण्याची धडपड, ‘मीच मोठा’ हा तोरा, बिनदिक्कत फसवणूक. यातल्या ‘बॉर्डरलाइन’ प्रकारात स्वतःला इजा करण्याचा धोका मोठा.

तिसरा गट : लोकांत जायची भीती, प्रत्येक निर्णयाला दुसऱ्याचा आधार, सगळं काटेकोरच हवं हा हट्ट.

एखादं लक्षण दिसलं म्हणून कुणावर शिक्का मारू नका. निदान मानसोपचारतज्ज्ञच करतात. मुख्य उपचार गोळ्यांचा नाही, तर तज्ज्ञांशी नियमित बोलण्याचा. वेळ लागतो, पण फरक पडतो. कुणी मरणाची भाषा करत असेल, तर ‘नाटक’ म्हणू नका. एकटं सोडू नका.

सरकारी ‘टेलिमानस’ हेल्पलाइन : १४४१६ (मोफत, २४ तास, मराठीतही).