कागद लिहायला शिकलेली कॉर्नेलिया

गटाच्या सभेत आपण घरचं-दारचं सगळं मोकळेपणानं बोलतो, पण अर्ज लिहायचा म्हटला की गप्प होतो. दुसरंच कुणीतरी लिहितं, आपण खाली सही करतो, नाहीतर अंगठा. आत काय लिहिलंय ते कळतं फार उशिरा. म्हणून आज आम्ही कागद लिहायला शिकण्याचीच गोष्ट सांगणार आहोत, आणि ती घोटीच्या पलीकडच्या, आपल्या शेजारच्या नाशिकपासून सुरू होते.

त्याआधी आपल्या जिल्ह्याचं थोडं. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. १२ मे रोजी सुप्याला सुरुवात झाली. लोकांना हवे होते ते कर्जरोखे. ते हिसकावले आणि जाळले. पुढं १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात शेतकऱ्याचा रोखा गावच्या रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली लिहायचा असं ठरलं. भांडण व्याजाचं होतं, तसंच लिहिणाऱ्या हाताचंही होतं.

कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मली. वडील पारशी, ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायची. लहानपणी आईकडे एक विधवा बाई आली होती. तिच्या कारभाऱ्यानं फसवून कागदावर सही घेतली आणि मिळकत काढून घेतली. कायदा शिकायचं बीज तिथं पडलं, असं कॉर्नेलियानंच पुढं सांगितलं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. गुण असे की विलायतेला जायची शिष्यवृत्ती तिचीच होती, पण बाई म्हणून नाकारली. शेवटी इंग्लंडमधल्या बायांनी वर्गणी जमवली आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डला पोचली. वर्गणी काढून एकीला पुढं पाठवायचं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको! १८९२ साली विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, तेव्हा ती पुरुषांबरोबर कायद्याच्या परीक्षेला बसली. पास झाली. पदवी हातात पडली १९२२ साली, तीस वर्षांनी.

परत आल्यावर तिनं मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली. तरी वकिलाची सनद नाही. मग तिचं बहुतेक काम लेखणीचं झालं. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये तिची नेमणूक झाली. पडद्यातल्या बाया परपुरुष वकिलाशी बोलायच्या नाहीत. ही त्यांच्या माजघरात बसायची, ऐकायची आणि सरकारला समजेल अशा भाषेत मांडायची. सहाशेहून अधिक बाया-मुलांना तिचा उपयोग झाला. तिची सगळी मतं आपल्याला पटणार नाहीत, ती इंग्रजी राज्याच्या बाजूची होती. पण हे काम मोठंच. १९२३ च्या कायद्यानं स्त्रियांना वकिली खुली झाली, तेव्हा तिची पन्नाशी उलटून गेली होती.

त्याच काळातला कोर्टांचा एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. पडद्यातल्या बाईची सही असलेला कागद कुणी पुढं केला, तर तो तिला समजावून सांगितला होता आणि तिनं समजून सही केली, हे कागद पुढं करणाऱ्यानं सिद्ध करायचं. पुढं हे संरक्षण निरक्षर बाईलाही लागू झालं.

आज कायद्याच्या पदवीत दावे आणि दस्त लिहिण्याचा विषय सक्तीचा आहे. बी.ए. झालेल्या मुलीला हा अभ्यास तीन वर्षांचा. दिवाणी दाव्याचे नियम ऐकलेत तर वाटेल आपल्या गटाच्या वहीचेच आहेत: मुद्द्याच्या घटना थोडक्यात लिहा, परिच्छेदांना क्रमांक द्या, तारखा आणि रकमा आकड्यांत लिहा आणि अक्षरांतही. कशासाठी? आकड्यात मागाहून एखादं शून्य वाढवता येतं म्हणून.

पण थोडक्यात म्हणजे सगळंच छाटायचं असं नाही. वनहक्काच्या दाव्यात गावातल्या दुसऱ्या वयस्कर माणसाचं लिहून घेतलेलं म्हणणं पुरावा म्हणून चालतं. तिथं आजीबाई सांगू लागल्या, की या दगडी बांधाच्या वर त्यांची वरई असायची, हिरड्याच्या झाडापाशी खळं होतं, तर लिहिणारा म्हणतो, "एवढं कशाला, 'पूर्वीपासून कसतात' असं लिहू." तसं लिहू देऊ नका. 'पूर्वीपासून' हा शब्द कुणीही लिहील, हिरड्याचं झाड मात्र जागेवर जाऊन दाखवता येतं. आदिवासींसाठी जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असावी लागते, तेव्हा कोणत्या साली काय पेरलं हे येऊ द्या. सासूशी झालेलं भांडण खुशाल गाळा. सुनेच्या रागाला त्या अर्जात जागा नाही.

आणि सही करण्याआधी एक रकाना बोट ठेवून वाचून घ्या, जोडीदाराच्या नावाचा. २००६ च्या वनहक्क कायद्यात नवरा-बायको दोघं असतील तर पट्टा दोघांच्या नावानं द्यायचा आहे. तिथं नुसतं 'पत्नी' लिहिलेलं असेल, तर तो कागद परत द्या आणि आपलं पूर्ण नाव लिहायला सांगा.