पत्र कुणाच्या घरी राहते?

अरबीत टपालाला ‘बरीद’ म्हणतात आणि ईमेललाही तोच शब्द पुढे विशेषण लावून वापरतात. उर्दूत आपण ‘बर्क़ी डाक’ म्हणतो. शब्द जुने आहेत, त्यामुळे मनात चित्रही जुनेच उभे राहते: डाकिया आला, खत दिले, ते आपण पेटीत जपून ठेवले. पण ईमेल खरोखर आपल्या पेटीत येते का? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर चाळीस वर्षांत दोन-तीनदा बदलले आहे आणि ते ठाऊक नसल्यामुळे अनेकांची पत्रे हातची जातात.

शाळेत संगणकाची थोडीफार माहिती असलेला शिक्षक म्हणून माझ्याकडे एक तक्रार नेहमी येते. “सर, नेट गेले की थंडरबर्डमध्ये पत्रांची यादी दिसते, पण पत्र उघडले की कोरे!” यात प्रोग्राम बिघडलेला नसतो. यामागे एक इतिहास आहे.

1971 मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर एका संगणकातून दुसऱ्या संगणकावर पहिला संदेश पाठवला. त्या काळी पत्र मोठ्या संगणकातच राही. वाचायचे तर त्याला जोडलेल्या टर्मिनलसमोर बसावे लागे. पुढे टेबलावरचे छोटे संगणक आले. ते दिवसभर चालू नसत, जोडलेलेही नसत. त्यांच्यासाठी 1984 मध्ये ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’, म्हणजे पॉप, मांडला गेला. नावातच सगळे आले. पोस्टात जायचे, आपली पत्रे उचलायची आणि घरी येऊन वाचायची. पोस्टात मागे काही उरत नसे. 1988 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी लिहिलेला ‘युडोरा’ हा प्रोग्राम याच पद्धतीने लोकप्रिय झाला.

आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. मोडेम फोनच्या तारेला जोडायचा, नंबर लागेपर्यंत थांबायचे आणि लागला की घड्याळाकडे बघत काम उरकायचे. जोडणी म्हणजे खर्च. म्हणून लोक पत्रे खाली उतरवून घेत, तार सोडत आणि मग निवांत वाचत. उत्तरेही आधी लिहून ठेवत आणि पुढच्या जोडणीत एकदम पाठवत. आज ज्याला ‘ऑफलाइन’ म्हणून वेगळी सोय समजतो, ती तेव्हाची रोजची रीत होती.

पॉपची अडचण दोन संगणक असलेल्या माणसाला कळली. कचेरीत उतरवलेले पत्र घरी दिसत नसे. 1986 मध्ये स्टॅनफर्ड येथे मार्क क्रिस्पिन यांनी वेगळा मार्ग काढला, तो आयमॅप. यात मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि आपण ते कोणत्याही यंत्रावरून पाहतो. त्याच वर्षी एमआयटीच्या मार्क लॅम्बर्ट यांनी ‘पीसीमेल’चा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात मूळ पत्रे सर्व्हरवर, नक्कल आपल्या संगणकात आणि जोडणी झाली की दोन्हींचा मेळ, अशी व्यवस्था होती. 1994 मध्ये क्रिस्पिन यांनी एका छोट्या टिपणात या तीन पद्धतींना तीन नावे दिली: ऑफलाइन, ऑनलाइन आणि डिस्कनेक्टेड. आज आपण थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये ज्याला ऑफलाइन म्हणतो, ती खरे तर ही तिसरी पद्धत आहे.

पुढे 1996 मध्ये हॉटमेल आले, 2004 मध्ये एक गिगाबाइट जागा घेऊन जीमेल आले. पत्र ब्राउझरमध्ये वाचायची सवय लागली आणि ते कुठे राहते हा प्रश्नच आपण विसरलो.

आता एक उदाहरण सांगतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त उर्दू शिक्षक दहा वर्षे ठिकठिकाणच्या लोकांकडून कोकणी मुसलमानांच्या बोलीतले आणि दखनीतले शब्द पत्रांतून जमवत होते. त्यांचा ईमेल पत्ता एका संस्थेचा होता. संस्थेने कळवले की जुनी खाती महिनाअखेर बंद होतील. गावात पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही. सरांना वाटत होते, पत्रे लॅपटॉपमध्ये आहेतच. नेट बंद करून पाहिले तर अलीकडची तेवढी उघडली, जुन्यांचे फक्त विषय दिसत होते.

थंडरबर्डच्या खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ असे पान आहे. तिथे तीन गोष्टी पाहायच्या. पत्रे या संगणकावर ठेवण्याची खूण केलेली आहे का? सगळी पत्रे उतरतात की ठरावीक दिवसांचीच? आणि ठरावीक आकारापेक्षा मोठी पत्रे वगळली जात आहेत का? सरांच्या यंत्रात तीसच दिवसांची मर्यादा होती. शिवाय प्रत्येक फोल्डरची निवड वेगळी असते, तीही तपासावी लागली. त्याच पानावर जुनी पत्रे आपोआप पुसण्याची सोय आहे. ती आयमॅप खात्यात सर्व्हरवरचे मूळ पत्रही पुसते, म्हणून तिला हात लावू नये. आउटलुकमध्ये एक्स्चेंज खाते असेल, तर किती काळाची पत्रे ऑफलाइन ठेवायची याची सरकपट्टी असते. ती ‘सर्व’वर न्यायची.

यादी आणि पत्रे जुळत नसतील तर फोल्डर ‘रिपेअर’ करा, असे लोक सुचवतात. आयमॅप फोल्डरमध्ये रिपेअर केले की संगणकातली नक्कल टाकून सर्व्हरवरून पुन्हा उतरवली जाते. सर्व्हर जिवंत असेल तर उपाय चांगला. पण खाते बंद झालेले असेल, तर हाताशी असलेली शेवटची नक्कलही गमावण्याचा धोका आहे. म्हणून आधी प्रत आणि मग दुरुस्ती.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मेळ घालणे म्हणजे जपून ठेवणे नव्हे. डिस्कनेक्टेड पद्धतीत आपल्याकडचे पत्र हे मूळ पत्राचे प्रतिबिंब असते. सर्व्हरवरून ते पुसले गेले, की पुढच्या जोडणीत आपल्याकडूनही जाते. गुगलनेही डिसेंबर 2023 पासून दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्यास सुरुवात केली आहे. म्हणून सगळी पत्रे उतरल्यावर आम्ही ती ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी केली. हे फोल्डर कोणत्याही सर्व्हरशी जोडलेले नसते. मग वायफाय बंद करून प्रत्येक फोल्डरमधली संख्या जुळवली, जुनी पत्रे आणि जोडलेल्या फाइली उघडून पाहिल्या आणि थंडरबर्डचे पूर्ण प्रोफाइल पेन ड्राइव्हवर घेतले. दोन संध्याकाळी लागल्या. खाते ठरल्या दिवशी बंद झाले आणि शब्द राहिले.

आपल्या समाजात जुनी खते, निकाहनामे, वक्फचे कागद कापडात बांधून ठेवण्याची रीत आहे. त्या बस्त्यांतूनच पुढे घराण्यांचा आणि गावांचा इतिहास लिहिला जातो. आजच्या मस्जिद ट्रस्टचा, शाळेचा, वाचनालयाचा पत्रव्यवहार ईमेलमध्ये आहे. बहुतेक ठिकाणी तो एखाद्या सेक्रेटरीच्या खात्यात असतो आणि सेक्रेटरी बदलला की नाहीसा होतो. ती पत्रे अमानत आहेत. वर्षातून एकदा नेट बंद करा आणि पाच वर्षांपूर्वीचे एक पत्र उघडून पाहा. उघडले तर ते तुमच्या घरी आहे. नाही उघडले, तर ते अजून दुसऱ्याच्याच घरी आहे आणि ते घर कधी बंद होईल हे तुमच्या हातात नाही.