मुलांची अन्न-अ‍ॅलर्जी : पथ्यापलीकडची दक्षता

मराठी घरांत ‘वावडे’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कुणाला वांगे बाधते, कुणाला हरभऱ्याची डाळ पचत नाही, कुणाला दुधाचा वासच नकोसा वाटतो. या साऱ्यांची गणना वावड्यातच होते. मुलाच्या अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ असे म्हणून आमसुलाचे पाणी चोळले जाते आणि तासाभरात पुरळ मावळले की विषय तेथेच संपतो. बहुतेक वेळा ते खपूनही जाते. मात्र ठरावीक पदार्थ खाल्ल्यानंतर दर वेळी गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा उलट्या होत असतील, तर ते पित्त नसून अन्नाची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता असते. अशा मुलाच्या बाबतीत ‘थोडेसे खाल्ल्याने काय होते’ हा प्रेमळ आग्रहही प्राणावर बेतू शकतो. म्हणूनच पालकांनी हा विषय मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

अ‍ॅलर्जी म्हणजे नेमके काय?

ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ‘अ‍ॅलर्जी’ ही संज्ञा रूढ केली. शरीराची प्रतिकारयंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी असते. अ‍ॅलर्जीमध्ये हीच यंत्रणा अन्नातील निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ या प्रकारची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे त्वचा, श्वसनमार्ग व आतडी यांतील विशिष्ट पेशींना चिकटून राहतात. तोच पदार्थ पुन्हा पोटात गेला की या पेशींतून हिस्टामिनसारखी रसायने एकदम बाहेर पडतात. खाज, सूज, उलट्या, धाप ही सारी लक्षणे या रसायनांमुळे उद्भवतात. पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत ती दिसू लागतात.

अपचन किंवा असहिष्णुता ही वेगळी गोष्ट आहे. दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचविणारे विकर कमी असेल तर पोट फुगते, जुलाब होतात. परंतु त्यात प्रतिकारयंत्रणेचा संबंध नसतो आणि जिवाला धोकाही नसतो. अशी व्यक्ती थोडे दही-ताक सहज पचवू शकते. दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला मात्र चमचाभर ताकही घातक ठरू शकते. पथ्यात ‘कमी खा’ चालते, अ‍ॅलर्जीत ते चालत नाही, हा या दोहोंतील मुख्य फरक होय.

तान्ह्या मुलांत काही वेळा प्रतिपिंडांवाचून होणारी, उशिरा प्रकट होणारी प्रतिक्रियाही आढळते. गाईच्या दुधामुळे शौचातून रक्त पडणे किंवा दूध घेतल्यावर काही तासांनी वारंवार उलट्या होऊन बाळ मलूल होणे, ही त्याची उदाहरणे आहेत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

कोणते पदार्थ कारणीभूत?

जगभरात दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-अक्रोडासारखी कवचाची फळे, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर आणि तीळ हे पदार्थ प्रामुख्याने कारणीभूत ठरतात. भारतात हरभऱ्यासारख्या कडधान्यांची अ‍ॅलर्जीही आढळते. युरोपीय पुढाकाराने चीन, रशिया व भारतातील शाळकरी मुलांची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कर्नाटकातील मुलांमध्ये संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जीचे प्रमाण अवघे ०.१४ टक्के, तर हाँगकाँगमध्ये १.५ टक्के आढळले. प्रमाण कमी असणे ही समाधानाची बाब खरी. पण त्यामुळेच शाळा, शेजारी आणि कित्येकदा नातलगही हा विकार गांभीर्याने घेत नाहीत. ज्या घरात असे मूल असते, त्या घराला टक्केवारीचा दिलासा उपयोगी पडत नाही.

निदान अंदाजाने नको

पालकांनी केलेली अचूक नोंद ही निदानाची पहिली पायरी होय. मुलाने काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, लक्षणे कोणती होती आणि किती वेळ टिकली, हे लिहून ठेवावे. पुरळाचे व सुजेचे छायाचित्र काढून ठेवल्यास डॉक्टरांना मोठी मदत होते.

त्यानंतर त्वचेवर सूक्ष्म टोचून केली जाणारी चाचणी किंवा रक्तातील विशिष्ट ‘आयजीई’ची तपासणी केली जाते. या चाचण्यांचा अर्थ लावताना एक गोष्ट विसरता कामा नये. चाचणी सकारात्मक येणे म्हणजे अ‍ॅलर्जी असणे नव्हे. रक्तात प्रतिपिंडे असूनही तो पदार्थ बिनत्रास खाणारी असंख्य मुले असतात. शंका उरल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रुग्णालयात, तो पदार्थ अल्प प्रमाणापासून वाढवत नेऊन खाऊ घातला जातो. हीच सर्वांत विश्वासार्ह कसोटी मानली जाते. ती घरी करून पाहण्याचे धाडस कोणीही करू नये.

एकाच रक्ताच्या नमुन्यात शंभर-दीडशे पदार्थ तपासून देणाऱ्या ‘आयजीजी’ चाचण्या आणि केसांवरून अ‍ॅलर्जी सांगणारे प्रकार यांना शास्त्रीय आधार नाही. अशा अहवालांवर विसंबून दूध, गहू, डाळी असे सारेच बंद केल्याने मुलांचे कुपोषण मात्र ओढवते.

स्वयंपाकघरातील शिस्त

निदान पक्के झाले की तो पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करावा लागतो. शेंगदाणा वर्ज्य करणे महाराष्ट्रात विशेष अवघड आहे. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, चिवडा, लसणाची चटणी, अळूची भाजी, अशा कितीतरी पदार्थांत दाणे किंवा दाण्याचे कूट असते आणि ते दिसतही नाही. कोकणात सुकट-जवळ्याची पूड एखाद्या आमटीत असू शकते. डबीत मिळणाऱ्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ वा मैदा मिसळलेला असतो. दुधाच्या अ‍ॅलर्जीत खवा, पेढा, पनीर, श्रीखंड तर वर्ज्य असतातच. शिवाय गाईच्या दुधाऐवजी म्हशीचे किंवा शेळीचे दूध देणे हाही पर्याय नव्हे, कारण त्यांतील प्रथिने बरीचशी सारखीच असतात. काजूची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला बहुधा पिस्तेही चालत नाहीत.

पदार्थ वर्ज्य करण्याइतकेच संसर्ग टाळणे महत्त्वाचे आहे. ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात बटाट्याचे काप तळणे, कुटाच्या डब्यातला चमचा जिऱ्याच्या डब्यात जाणे, मिक्सरचे भांडे नुसते विसळून पुन्हा वापरणे, यांतून लेशमात्र प्रथिनही पोहोचू शकते. मुलासाठी स्वतंत्र डबे, चमचे व कढई ठेवावी आणि त्याचे अन्न आधी शिजवावे. हात साबण व पाण्याने धुवावेत. हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणाने जंतू मरतात, शेंगदाण्याचे प्रथिन मात्र हातावर तसेच राहते.

वेष्टन वाचण्याची सवय

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार, ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक सल्फाइट यांचा समावेश असल्यास तसे वेष्टनावर नमूद करणे बंधनकारक आहे. या यादीत तिळाचा समावेश करण्यात आला नव्हता. त्यामुळे तिळाची अ‍ॅलर्जी असल्यास घटकपदार्थांची संपूर्ण यादी वाचण्याला पर्याय नाही. ‘अंश असू शकतो’ ही सूचनाही केवळ औपचारिकता समजू नये. नेहमीचाच बिस्किटपुडा असला तरी दर खरेदीच्या वेळी वेष्टन वाचावे, कारण उत्पादक घटक बदलत असतात. सुट्या मिठाईला, फरसाणाला आणि बेकरीच्या मालाला असे वेष्टनच नसते. तेथे ‘नको’ म्हणणे हाच सुरक्षित मार्ग होय.

शाळा, सण आणि आप्तेष्ट

मूल घराबाहेर पडले की जबाबदारी इतरांशी वाटून घ्यावी लागते. शाळा सुरू होण्यापूर्वी पालकांनी मुख्याध्यापक व वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष भेटून एक लेखी कागद द्यावा. त्यात मुलाचे छायाचित्र, वर्ज्य पदार्थ, प्रतिक्रियेची लक्षणे, द्यावयाचे औषध, डॉक्टरांचा व पालकांचा दूरध्वनी असावा. कागदावर डॉक्टरांची सही घ्यावी. डबा वाटून खाण्याची आपल्याकडील चांगली प्रथा या मुलासाठी धोक्याची आहे, हे वर्गातील मुलांनाही सोप्या शब्दांत सांगता येते. वाढदिवसाच्या खाऊऐवजी पेन्सिल किंवा गोष्टीचे पुस्तक वाटण्याची सूचना अनेक शिक्षक आनंदाने स्वीकारतात.

सणासुदीचा प्रश्न अधिक नाजूक असतो. संक्रांतीचा तिळगूळ, गणपतीचा प्रसाद, लग्नातली पंगत, येथे नकार देणे अनेकांना अवमान वाटतो. आजी-आजोबांच्या पिढीला हा विकार अपरिचित असल्याने ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ अशी भावना स्वाभाविक असते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्यावे. लक्षणे ओळखायला व औषध द्यायला शिकलेली आजी ही मुलाची सर्वांत भक्कम पाठराखीण ठरते. प्रसादाच्या वेळी मुलापुरती खडीसाखर किंवा त्याला चालणारे फळ जवळ ठेवले, तर त्याला वगळल्यासारखे वाटत नाही.

आणीबाणीच्या प्रसंगी

केवळ थोड्या गांधी किंवा तोंडाला खाज असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले अ‍ॅलर्जीप्रतिबंधक औषध पुरेसे ठरते. मात्र मुलावर सतत लक्ष ठेवावे. आवाज घोगरा होणे, सतत खोकला, धाप वा घरघर, जीभ सुजणे, वारंवार उलट्या, चेहरा फिकट पडणे, मूल अचानक सुस्त होणे किंवा भोवळ येणे, ही तीव्र प्रतिक्रियेची लक्षणे होत. या तीव्र प्रतिक्रियेला ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ म्हणतात. दमा असलेल्या मुलांना तिचा धोका अधिक असतो. तिच्यात त्वचेवर पुरळ उठतेच असे नाही.

अशा वेळी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे. ते मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूस, स्नायूत दिले जाते. सेटिरिझिनसारख्या गोळ्या किंवा स्टेरॉइड ही त्याची जागा घेऊ शकत नाहीत. परदेशांत स्वयंचलित इंजेक्शनची पेने सर्रास मिळतात. भारतात ती सहजासहजी उपलब्ध नसल्याने अनेक डॉक्टर अ‍ॅड्रेनालिनची कुपी व सिरिंज देऊन ती वापरण्याचे प्रशिक्षण पालकांना देतात. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, म्हणून मूल वाढेल तशी ती डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावी. औषधाची मुदत तपासत राहावी. ते फ्रिजमध्ये किंवा उन्हात तापणाऱ्या मोटारीत ठेवू नये.

इंजेक्शन दिल्यावर मुलाला आडवे निजवून पाय उंचावर ठेवावेत. धाप असेल तर बसू द्यावे. उभे करू नये वा चालवू नये. लगेच १०८ किंवा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. पाच मिनिटांत उतार न पडल्यास, डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे, दुसरी मात्रा द्यावी लागते. मुलाला बरे वाटू लागले तरी रुग्णालयात न्यावेच, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उसळू शकतात.

टाळणे की लवकर ओळख?

अ‍ॅलर्जी होऊच नये म्हणून काय करावे, याविषयीचे मत गेल्या काही वर्षांत पूर्णपणे पालटले आहे. अमेरिकी बालरोग अकादमीने २००० साली, अ‍ॅलर्जीचा धोका अधिक असलेल्या बालकांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असा सल्ला दिला होता. २००८ मध्ये तो मागे घेण्यात आला. त्याच सुमारास लंडनमधील प्राध्यापक गिडिऑन लॅक व सहकाऱ्यांच्या लक्षात आले की, ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण इस्रायलमधील मुलांच्या सुमारे दहापट आहे; इस्रायलमध्ये मात्र बाळे लहानपणापासूनच शेंगदाण्याचा खाऊ खातात. त्यावरून ६४० बालकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ज्या बालकांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाणा दिला गेला, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही अ‍ॅलर्जी सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली.

म्हणून सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना अंडे, शेंगदाणा यांसारखे पदार्थ मुद्दाम लांबणीवर टाकू नयेत. दाणे मात्र अख्खे देऊ नयेत. ते घशात अडकतात. अगदी बारीक कूट पेजेत कालवून द्यावे. बाळाला तीव्र इसब असल्यास किंवा आधी कोणत्याही अन्नाचा त्रास झाला असल्यास सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी.

वाढ आणि मन

दूध व अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांत वयानुसार ओसरते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी मात्र पाचांपैकी सुमारे एकाचीच जाते. त्यामुळे ठरावीक काळाने फेरतपासणी आवश्यक असते. वर्ज्य पदार्थातून मिळणारे पोषण दुसरीकडून भरून काढावे लागते. दूध बंद असलेल्या मुलाला नाचणी उपयोगी पडते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. उंची व वजनाची नोंद मात्र नियमित ठेवावी. अंड्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून गोवराची लस टाळण्याचे कारण नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मुलाला भीती घालण्याऐवजी माहिती द्यावी. चार-पाच वर्षांचे मूल ‘आईला विचारल्याशिवाय मी खात नाही’ एवढे वाक्य शिकू शकते. आठ-दहा वर्षांचे मूल वेष्टन वाचू शकते. किशोरवयात त्याने आपले औषध स्वतः जवळ बाळगावे. पालक जन्मभर सोबत राहणार नाहीत. नीट शिकवलेली सावधगिरी मात्र राहते.