कमवा-शिकापासून कॉम्प्युटर दुरुस्तीपर्यंत : सातारा-सांगलीतील हातशिक्षणाची वाटचाल

कृष्णाकाठी शाळा आणि कारखाना यांची सुरुवात जवळजवळ एकाच वेळी झाली. 1910 साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा कारखाना उभारायला घेतला. आजची किर्लोस्करवाडी ती हीच. त्याच सुमारास मिरज तालुक्यातल्या दुधगावात भाऊराव पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला. पुढे भाऊरावांनी पोटासाठी किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकले आणि साताऱ्याच्या कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर प्रत्यक्ष चालताना पाहिला तेव्हाच ती हळूहळू गेली.

या दोन जिल्ह्यांतल्या व्यवसाय शिक्षणाचा पाया त्या काळात घातला गेला. आज संगणक दुरुस्ती आणि नेटवर्किंगच्या वर्गात मुले गटागटाने एका टेबलाभोवती उभी राहून काम शिकतात, ती पद्धत कुणाला नवी वाटेल. कृष्णाकाठाला ती शंभर वर्षे ठाऊक आहे. ही वाटचाल सांगायची ती एवढ्यासाठी, की तिचे पुढचे पाऊलही याच वाटेवर पडावे.

एका पंगतीतले शिक्षण

4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीला, कराडजवळच्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. दसरा हा आपल्याकडे हत्यारे-अवजारे पुजण्याचा सण. 1924 मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. सगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहात, मिळून स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. शेतात राबणे, खडी फोडणे, इमारतीच्या बांधकामावर काम करणे, हे सारे दिनक्रमात होते. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यालय आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची रीतच झाली.

या योजनेकडे बहुधा गरीब मुलांच्या फीची सोय म्हणून पाहिले जाते. फीचा प्रश्न खराच होता, पण योजनेचा गाभा श्रम मिळून करण्यात होता. विहीर एकटा खोदू शकत नाही. भिंत बांधताना विटा देणारा, गारा कालवणारा आणि ओळंबा धरणारा असे तिघे लागतात. ज्याच्या घरी लिहिण्यावाचण्याची परंपरा होती आणि ज्याच्या घरी अवजारांची होती, ती दोन मुले एकाच कामावर आली की दोघांनाही काही नवे मिळे. जातीच्या भिंती ढासळण्याला या रोजच्या कामाने फार मोठी मदत केली. भाऊरावांचे शैक्षणिक शहाणपण इथे दिसते.

स्वातंत्र्यानंतरच्या कार्यशाळा

1947 मध्येच सांगलीच्या विश्रामबागेत धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने न्यू इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. 1955 पासून ते वालचंद कॉलेज म्हणून ओळखले जाते. 1960 मध्ये कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. अभियंते घडवण्याची सोय झाली, पण कारखाना चालायला फिटर, टर्नर, वायरमन, वेल्डर लागतात. त्यांच्यासाठी देशभर 1950 पासून कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलीतली आयटीआय, जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने शिक्षणानंतर कारखान्यात उमेदवारी करण्याला कायद्याचा आधार मिळाला. किर्लोस्करवाडी, सातारा, मिरज, कुपवाड इथल्या कारखान्यांमुळे या भागातल्या मुलाला हाताच्या कामाचे भविष्य डोळ्यांनी दिसत होते.

दहावीनंतरच्या दोन वर्षांतही व्यवसायाला जागा मिळाली. आधी द्विलक्षी अभ्यासक्रम आले. 1980 च्या दशकाच्या शेवटी किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, राज्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत सुरू झाले. याच काळात पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला होता. गावाला खरोखर लागणाऱ्या वस्तू आणि सेवा मुलांनी करून द्याव्यात आणि त्यातून शिकावे, ही त्यांची मांडणी. भाऊरावांच्या योजनेशी तिचे जवळचे नाते आहे.

संगणक आला, दुरुस्ती मागाहून आली

संगणक शिक्षणाची सुरुवात मात्र वेगळ्या टोकाकडून झाली. आधी आले ते यंत्र वापरण्याचे शिक्षण: टायपिंग, हिशेब, पत्रे, छपाई. आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा संगणक चालकाचा व्यवसाय लोकप्रिय झाला. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाले आणि तालुक्याच्या गावीही संगणक केंद्रांच्या पाट्या लागल्या. घराघरांत माउस धरायला शिकलेली माणसे झाली. पण यंत्र बंद पडले की सगळ्यांचे हात थांबत. शहरातल्या दुकानात मशीन न्यायचे, ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणायचे आणि सांगतील ते पैसे द्यायचे, एवढेच उरायचे.

वापरणाऱ्याच्या शिक्षणाकडून दुरुस्ती करणाऱ्याच्या शिक्षणाकडे येणे हा या वाटचालीतला कळीचा टप्पा आहे. आयटीआयच्या व्यवसायांत ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ हा दहावी उत्तीर्णांसाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यासाठीच आहे. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. राज्यात आयटीआयच्या 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, आणि या व्यवसायात अंगबळापेक्षा नजर, संयम आणि नोंदीची शिस्त लागत असल्याने मुलींना इथे मोठा वाव आहे.

दुरुस्तीतून विद्या जन्मते याचा पुरावा आपल्या मिरजेतच आहे. एकोणिसाव्या शतकात तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्ती करता करता तंबोरे-सतारी घडवू लागले. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वस्तू उघडून पाहणाऱ्यालाच ती आतून कळते, हा नियम सतारीला लागू आहे तसाच मदरबोर्डलाही.

टेबलाभोवतीचा गट

चांगल्या हार्डवेअर वर्गाचे एकक असते गट. चार जणांपुढे एक बंद संगणक ठेवला जातो. निदेशकांनी त्यात मुद्दाम दोष घालून ठेवलेला असतो: रॅम अर्धवट बसवलेली, प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची पिन काढलेली किंवा बायोसचा सेल संपलेला. एक जण तक्रार ऐकून जॉब कार्ड भरतो. दुसरा मल्टिमीटर धरतो, तिसरा स्क्रू ड्रायव्हर चालवतो, चौथा मदरबोर्डचे मॅन्युअल वाचून सांगतो. पुढच्या यंत्राला भूमिका बदलतात. ही अदलाबदल पाळली नाही तर हुशार मुलगा सगळे काम ओढून घेतो आणि बाकीचे बघे होतात. म्हणून वर्गात कडक शिस्त हवी ती इथे.

कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी डोळ्यांनी पाहायचे: फुगलेला कपॅसिटर, जळका वास, धुळीने तुंबलेला पंखा. मग वीजपुरवठा तपासायचा. एसएमपीएसच्या पिवळ्या तारेवर 12 व्होल्ट, लाल तारेवर 5, केशरीवर 3.3, काळी तार म्हणजे ग्राउंड. हिरवी तार काळीला जोडली की पुरवठा मदरबोर्डशिवाय सुरू करून पाहता येतो. मग रॅम. पावसाळी दमट हवेत रॅमच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवर थर धरतो. दुकानांतले जुने कारागीर तो साध्या खोडरबराने हलके घासून काढतात आणि कित्येकदा ‘डेड’ म्हणून आणलेले मशीन सुरू होते. नाहीच झाले तर बीपचे आवाज मोजायचे आणि त्या कंपनीच्या बायोसच्या यादीशी ताडून पाहायचे. हातात भाग घेण्याआधी अंगावरची स्थिर वीज उतरवायची, अर्थिंग पाहायचे, हा पहिला धडा. तो विसरला तर चांगला भागही निकामी होतो.

चौघांनी मिळून दोष शोधताना प्रत्येकाला आपला तर्क मोठ्याने मांडावा लागतो. ‘मला वाटते रॅम गेली’ म्हणणाऱ्याला बाकीचे तिघे ‘कशावरून?’ विचारतात. कशावरून, हे सांगता येणे म्हणजेच निदान. एकट्याने काम करणारा अंदाजाने भाग बदलत जातो. गटात शिकलेला आधी पुरावा गोळा करतो. ग्राहकाचे पैसे वाचतात ते यामुळेच.

नेटवर्किंगमध्ये तर दुसऱ्याची साथ अटळच आहे. केबलचे एक टोक एकाच्या हातात आणि दुसरे भिंतीपलीकडे दुसऱ्याच्या हातात असते. आठ तारांचा क्रम दोघांनी एकच धरायचा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रिंप करायचे आणि टेस्टर लावायचा. एक ते आठ दिवे ओळीने लागले की केबल बरोबर, एखादा चुकला की कनेक्टर कापून पुन्हा पहिल्यापासून. स्विचपासून यंत्रापर्यंत ही लांबी 100 मीटरच्या आत ठेवायची. मग आयपी पत्ते वाटायचे. दोन गटांनी आपसात न बोलता एकच पत्ता दिला तर दोन्ही यंत्रे अडखळतात आणि खोलीत वाद होतो. पत्त्यांची वही सर्वांची मिळून ठेवावी लागते, हे त्या वादातून असे पटते की पुन्हा सांगावे लागत नाही. विहिरीवर आणि भिंतीवर भाऊरावांची मुले जे शिकली, तेच हे.

कृष्णाकाठाची गरज

या कौशल्याला या भागात काम कमी नाही. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा संगणक थांबला की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. दूध संकलन केंद्रावर फॅटचे मोजमाप संगणकाला जोडलेले असते. पहाटे ते बंद पडले तर दूध थांबत नाही. सांगलीची हळदीची बाजारपेठ, पतसंस्था, सहकारी बँका, ग्रामपंचायतीची सेवा केंद्रे, आणि डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये पाया घातलेल्या रुग्णालयापासून रुग्णसेवेचे केंद्र बनलेली मिरज, या सर्वांचा कारभार आता नेटवर्कवर आहे. ते सांभाळणारा माणूस पुण्याहून यायची वाट पाहणे कुणालाच परवडत नाही.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेले, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. दुकाने, कार्यालये, घरे बुडाली आणि त्यांच्याबरोबर संगणकही. पुरात बुडालेले यंत्र घाईने सुरू करून पाहणे हीच सर्वांत मोठी हानी. वीज आणि बॅटरी काढायची, गाळ स्वच्छ पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायचा, पूर्ण वाळू द्यायचे. वीजपुरवठ्याचा डबा बदलायचा. हार्ड डिस्क स्वतः उघडायची नाही, कारण यंत्रापेक्षा तिच्यातल्या खात्यांची किंमत मोठी असते. ही माहिती असलेले प्रशिक्षित गट गावागावांत असणे ही पूरग्रस्त भागाची आपत्तीपूर्व तयारीच मानली पाहिजे.

पुढचे पाऊल

काळही दुरुस्तीच्या बाजूने वळतो आहे. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल 2023 पासून लागू झाले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा नियमित आधार संपला, तेव्हा चांगली चालणारी असंख्य यंत्रे जुनी ठरली. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांवर लिनक्स टाकून ती अजून काही वर्षे शाळांना वापरता येतील.

कितीतरी शाळांच्या संगणक कक्षांत किरकोळ दोषाने बंद पडलेली यंत्रे पडून असतात. जवळच्या आयटीआयच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या गटांना ती प्रात्यक्षिकासाठी द्यावीत. गटाने निदान करावे, जॉब कार्ड भरावे, शाळेने सुट्या भागांचा खर्च आणि मुलांच्या कामाचा रास्त मोबदला द्यावा. वर्षाअखेरीस मुलाच्या हाती प्रमाणपत्राबरोबर स्वतः दुरुस्त केलेल्या यंत्रांची नोंदवही असेल, आणि नोकरी देणारा प्रमाणपत्राच्या आधी ती उघडेल. निदेशकांच्या रिक्त जागा वेळेवर भराव्यात, वर्गाला दरवर्षी नव्या पिढीची काही यंत्रे मिळावीत, गटाची संख्या चार-पाचांच्या वर जाऊ देऊ नये. एवढे केले तर तालुक्याच्या मुलाला तालुक्यातच सन्मानाचे काम मिळेल.

खडी फोडून शिकलेल्या मुलांनी सातारा-सांगलीत शाळा उभ्या केल्या. त्या शाळांतले बंद संगणक पुन्हा सुरू करून देण्याचे काम आता इथल्याच मुलामुलींच्या गटांकडे सोपवावे आणि त्याचा पूर्ण मोबदला त्यांना द्यावा. ‘कमवा आणि शिका’ ही योजना पुढच्या शतकात न्यायची असेल, तर तिची सुरुवात अशा एका जॉब कार्डापासून याच वर्षी करता येईल.